दाजींच्या बंड्या

दाजी कापड विकत घेण्याआधी त्यातून फुंकर मारून बघत. दुकानदारानं ठाण उलगडून समोर पसरलं, की ते त्याचा कोपरा ओठांशी धरत, दुसऱ्या बाजूला तळहात लावत आणि डोळे मिटून फुंकत. तळहाताला वारा लागला तर कापड पास, नाहीतर ठाण परत. वसईच्या बाजारातले एक कापडवाले त्यांना लांबून येताना बघूनच म्हणायचे, "साहेब, थुंकी उडते हो." त्यावर दाजी शांतपणे खिशातून रुमाल काढून तो कोपरा पुसून देत आणि पुढचं ठाण मागत. बरोबर माझी ताई असली, तर ती तोवर समोरच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिलेली असे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही साताऱ्याकडचे, वडिलांच्या नोकरीपायी वसईत फ्लॅट घेऊन राहिलेले. ते वसईजवळच्याच वटार गावचे, केळी आणि फुलांच्या वाडीत वाढलेले. ताई तिकडच्या शाळेत शिकवायला लागली आणि तिथेच त्यांचं जमलं. दाजींचे आईवडील लवकर गेले होते, ताईला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या घरात ही दोघंच. आता दोघंही नाहीत. दाजींना जाऊनही काही वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर मोठं असं काही आठवत नाही, कापडंच आठवतात.

ते एका औषध कंपनीत एमआर होते. विरारपासून मनोर, वाड्यापर्यंतचे डॉक्टर त्यांच्याकडे. बॅगेत औषधांचे नमुने, गळ्यात टाय, आणि हे सगळं मोटारसायकलवर, एप्रिल-मेच्या उन्हात. डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरताना शर्ट पाठीला चिकटलेला असला, की समोरचा माणूस आपल्याकडे न बघता आपल्या काखेकडे बघतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या उन्हाळ्यात ते इतरांसारखेच वागले. उकडतंय म्हणून आतली बनियन काढून ठेवली आणि उघड्या अंगावर टेरिकॉटचा शर्ट चढवला. वाड्याहून परत येताना बॅगेच्या पट्ट्याखालची कातडी सोलून निघाली होती, पाठ घामोळ्यानं भरली होती, आणि वाटेत एका चिंचेखाली गाडी लावून ते जे आडवे झाले, ते चार गावकऱ्यांनी डोक्यावर पाणी ओतल्यावर उठले. तेव्हापासून आत काय घालायचं, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न झाला.

मी पंपांच्या दुकानात विक्रीला लागलो आणि मलाही गावोगाव मोटारसायकल हाणावी लागली, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. "अरे, गाडीवर वारा फुकट मिळतो. तो अंगापर्यंत पोचू द्यायचा की नाही, एवढंच आपल्या हातात आहे. आत पातळ सुती कपडा हवाच. तो घाम पितो, वाऱ्यानं गार होतो, आणि आपण माणसात राहतो." दुकानातल्या घट्ट बनियन त्यांना मान्य नव्हत्या. "ती दुसरी कातडी झाली. एक आहे ती पुरे की." कपडा ढगळ हवा, त्याला कोपरापर्यंत बाह्या हव्यात म्हणजे काख सोलवटत नाही, आणि खांद्यावरची शिवण पुढे सरकवलेली हवी म्हणजे बॅगेचा पट्टा तिच्यावर बसत नाही. दुपारी एखाद्या दवाखान्यात कंपाउंडरच्या खोलीत जाऊन कोरडा कपडा चढवायचा आणि ओला पिळून गाडीच्या कॅरियरला बांधायचा. पुढच्या गावापर्यंत तो वाळतो.

एक गोष्ट मात्र ते आवाज खाली आणून सांगत. "घाम येतोय तोवर घाबरायचं नाही. घाम थांबला आणि अंग कोरडं, गरम लागायला लागलं, की गाडी तिथंच लावायची. डॉक्टर गेला खड्ड्यात." चिंचेखाली त्यांचं तेच झालं होतं.

असा कपडा बाजारात मिळत नाही. नवं सुती कापड खरखरीत असतं, आणि मऊ असतं ते फार दिवस टिकत नाही. दाजींच्या मते कापड आधी कुणीतरी वापरून, धुऊन, पिळून मऊ केलेलं असायला हवं. हे कुणीतरी म्हणजे ताई. तिच्या शाळेत नेसायच्या सुती साड्या विरत आल्या, की त्या कापून ती दाजींसाठी बंड्या शिवायची. घरी शिलाई मशीन होतंच. ताई आम्हाला सांगायची, "नवी साडी आणली की सगळ्यांचे नवरे कशी दिसतेस ते सांगतात. हे विचारतात, कधी विरेल?" दाजी हसून मान खाली घालत. विचारत असणारच.

त्या बंड्यांवर फुलं, कोयऱ्या, ठिपके, काय असेल ते असे. पांढऱ्या शर्टातून ते अंधूक दिसे. एकदा ताईनं लाल साडी कापली. मनोरच्या दवाखान्यात दाजी शिरले तेव्हा घामानं रंग सुटून शर्टाच्या पाठीवर मोठा लाल डाग पसरला होता. कंपाउंडरनं काही न विचारता त्यांना टेबलावर पालथं झोपवलं आणि तो कात्री आणायला धावला. "मी म्हणतोय अहो बायकोची साडी आहे, बायकोची साडी आहे, आणि तो म्हणतोय, बोलू नका, दम लागेल." त्यानंतर ताईच्या नशिबी फिके रंग आले. तिला खरं तर गडद रंग आवडत. तिनं कुरकुर केली, पण साड्या घेतल्या फिक्याच.

आमच्या आईसमोर दाजी अगदी वेगळे असत. आमच्याकडे सासूनं जावयाशी मोकळं बोलायची पद्धत नव्हती. ते आले की आई डोक्यावरचा पदर सारखा करून आत जायची. चहा हवा का हे ती मला विचारायला सांगायची आणि दाजी मला उत्तर द्यायचे, दोघं एकाच खोलीत असली तरी. ताई या प्रकाराला आमचं टपालखातं म्हणायची.

नव्वदचं दशक सरताना ताई गेली. काविळीचं निमित्त झालं. आजारी पडली म्हणेपर्यंत दवाखाना, आणि दवाखाना म्हणेपर्यंत ती नव्हतीच. उन्हाळा तोंडावर होता. आई आणि मी वटारला जाऊन राहिलो. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. लोक येत होते, मी खुर्च्या मांडत होतो, उचलत होतो. चहाला साखर कमी पडली ते मला अजून आठवतं. दाजी ओट्यावर बसून येईल त्याला नमस्कार करत.

तेराव्यानंतर गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नसतात, देऊन टाकायचे असतात. जीव अडकतो म्हणतात. साताऱ्याहून आलेल्या मावशीनं तसं बजावलं आणि आईनं ताईचं कपाट उघडलं. घड्या न मोडता, न बघता, तिनं सगळं एका चादरीत घातलं आणि वाडीत कामाला येणाऱ्या बायांना दिलं. दाजी ओट्यावरच होते. गाठोडं त्यांच्या समोरून गेलं.

ते परत कामाला लागले. सकाळी गाडी काढायचे, संध्याकाळी यायचे, वाढलेलं जेवायचे. आम्हाला वाटलं, माणूस सावरतोय. मीही सकाळी माझ्या कामाला जात होतो आणि माझंही तसंच चाललं होतं. एप्रिल संपता संपता एका दुपारी मनोरच्या रस्त्याला मला त्यांची गाडी दिसली. दाजी मैलाच्या दगडावर बसले होते, भर उन्हात. थोडं पुढे वडाची गच्च सावली होती. मी गाडी थांबवली.

"दाजी, सावलीत तरी बसायचं."

"ऊन आहे का?" त्यांनी वर बघितलं. खरंच बघितलं.

मी त्यांचा दंड धरला. कोरडा होता, आणि तापलेल्या पत्र्यासारखा लागत होता. टेरिकॉटच्या शर्टाच्या आत काही नव्हतं.

"बंडी कुठंय तुमची?"

"नाहीत ना आता. तुझ्या ताईच्या कपड्यांत गेल्या."

मग माझ्या लक्षात आलं. बंड्या शिवून झाल्या की ताई त्या तिच्याच कपाटात, साड्यांच्या खाली ठेवायची. फुलाफुलांचं सुती कापड घडी घातलेलं. आईला त्या साड्याच वाटल्या होत्या.

"अहो, मग बोलायचं नाही का तेव्हा?"

"काय बोलायचं?" ते म्हणाले. "आणि उकडत नाही रे मला."

मी पाण्याची बाटली त्यांच्या डोक्यावर रिकामी केली, सावलीत नेऊन बसवलं, रस्त्याकडेच्या टपरीवरून आणखी पाणी आणलं. ते सगळं करू देत होते. बऱ्याच वेळानं अंगाला जरा ओल आली, तेव्हा त्यांना मागे बसवून वटारला आणलं. पहिल्यांदा मला भीती वाटली. असेच फिरत राहिले, तर हे या उन्हाळ्यातच जातील, आणि त्यांना ते कळणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून ढगळ बनियन आणल्या. तेव्हा खेळाच्या सामानाच्या दुकानात बारीक जाळीचे पॉलिएस्टर शर्टही मिळायला लागले होते, फुटबॉलवाले घालतात तसे. एक तोही आणला. प्लास्टिक अंगाला लावू नये असं सांगणारे दाजी, पण कापड जाळीचं होतं, घाम धरून ठेवत नव्हतं. एरवी त्यांनी त्यावर अर्धा तास वाद घातला असता आणि शेवटी बरं आहे म्हणून घेतला असता. त्यांनी हातात घेतला, "चांगला आहे," म्हणाले, आणि खुंटीला लावला. सकाळी उघड्या अंगावर टेरिकॉट चढवून गाडीला किक मारली. मी चावी काढून घेतली. ते भांडले नाहीत. ओट्यावर जाऊन बसले.

मग मी आईला बंड्यांचं सांगितलं. तिनं खिडकीतून वाडीकडे बघितलं. कपडे ज्या बायांना दिले त्या तेव्हा वाडीत पाणी लावत होत्या.

"मागू का त्यांच्याकडून?" मी विचारलं.

"दिलेलं मागायचं नसतं," आई म्हणाली.

ती उठली आणि येताना आणलेली तिची ट्रंक उघडली. रोजच्या नेसण्यातली एक फिकी, राखाडी सुती साडी काढली. वडील गेल्यापासून ती तसलेच रंग नेसायची. साडी धुऊन धुऊन मलमलीसारखी झाली होती. आईनं काठाजवळ दातांनी चीर दिली आणि टरकन फाडली. शेजारच्या काकू केळफूल द्यायला आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. "अगो बाय, सासूचं लुगडं जावयाच्या अंगाला? असं कुठं करतात?"

"माझी लेक करायची," आई म्हणाली. "ती नाही तर मी केलं."

तिला मापं ठाऊक नव्हती. मी आठवून सांगत गेलो, कोपरापर्यंत बाही, ढगळ, खांद्याची शिवण पुढे. ताईच्या मशीनवर आईचा पाय नीट बसत नव्हता. शिवण दोनदा उसवली. दुपारी वीज गेली, पानही हलत नव्हतं, आणि तिच्या कपाळावरचा घाम टपटप कापडावर पडत होता. शेवटचा धागा तोडून ती ओट्यावर आली आणि दाजींसमोर उभी राहिली. मी मधे नव्हतो. पदरही सरळ करायचा राहिला होता.

"जावईबापू, शर्ट काढा. हे घाला."

दाजी गडबडून उभे राहिले. त्यांनी पाठ फिरवून शर्ट काढला, बंडी डोक्यातून घातली. एक बाही लांब झाली होती. ते खाली बसले. आई दाराच्या चौकटीला टेकून त्यांच्याकडे बघत राहिली, जसं तिनं आधी कधी बघितलं नव्हतं.  मग काखेत आणि पाठीवर कापड घामानं हळूहळू काळपट झालं. दाजींनी मान हलवली, गळ्याशी बोट घालून बंडी सैल केली आणि पहिल्यांदाच आईशी थेट बोलले.

"आई, फार उकडतंय हो."

"उकडणारच बाळा. मे लागलाय," आई म्हणाली.

तिनं आतून सूप आणलं, त्यांच्याजवळ बसली आणि त्यांना वारा घालायला लागली. दाजींनी तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि ते रडायला लागले, ताई गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, वाडीतल्या बाया वळून बघतील असे. मी तिथंच उभा होतो. मला तेव्हाही रडू आलं नाही. आईचेही डोळे वाहत होते, पण तिनं सूप हलवायचं थांबवलं नाही.