आमिशांची गावकी

माझी ताई सात महिन्यांची गरोदर होती आणि तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं नाही, असं आमच्या गावकीनं ठरवलं होतं. चिपळूणला टायपिंग शिकायला जाता जाता तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं होतं. तो लोट्याला केमिकलच्या कंपनीत शिफ्टला जायचा. सरळ माणूस, साध्या सुपारीचंही व्यसन नाही. पण ताईनं आमचा उंबरा ओलांडला तर आमचं घर वाळीत. म्हणजे विहिरीवर पाणी नाही, मयताला खांदा नाही, शिमग्यात पालखी दारात नाही. बाबा मुंबईला. त्यांचं पत्र आलं, गावकी म्हणेल तसं करा. लिहायला त्यांचं काय जात होतं? गावात तर आय आणि मीच राहणार होतो.

मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. इंग्रजीत मार्क बरे पडायचे, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. मामा पोफळीला पॉवरहाऊसमध्ये होता. कॉलनीतल्या क्लबातली जुनी पुस्तकं रद्दीत निघाली तेव्हा त्यानं माझ्यासाठी चार उचलून आणली. त्यातल्या एकावर पांढरी टोपी घातलेली मुलगी होती, मागं शेत आणि घोडागाडी. प्रेमाची गोष्ट आहे एवढं चित्रावरून कळत होतं, आणि मला तेवढं पुरे होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले.

गोष्ट आमिश नावाच्या लोकांची होती. हे लोक अमेरिकेत राहून घरात वीज घेत नाहीत, मोटार घेत नाहीत, घोड्यांनी नांगरतात. बायकांनी डोकं झाकायचं, सगळ्यांनी एकसारखे साधे कपडे घालायचे. देवाधर्माचे नियम म्हातारे ठरवणार, आणि कुणी मोडले की त्याच्याशी व्यवहार बंद. त्या मुलीचं बाहेरच्या एका मुलावर प्रेम बसतं, ती घर सोडते. मग एकदा आईला भेटायला येते, तर आई तिला वेगळ्या टेबलावर वाढते आणि तिच्या हातचं काही घेत नाही. हे वाचून मी उडालेच. सातासमुद्रापलीकडे गोऱ्या लोकांनी आमची गावकी मांडून ठेवली होती की हो.

आणि तिथंच मला अक्कल सुचली. म्हटलं, हे आयला वाचून दाखवायचं. हे ऐकून तिला पाझर फुटलाच पाहिजे, मग ती गावकीला बघून घेईल आणि ताईला आणेल.

मे महिना होता. दुपारी पडवीत आय कोकमासाठी रातांबे फोडायला बसायची, बी एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात. मी शेजारी बसून वाचायचे आणि आपल्या भाषेत सांगायचे. आयला गोष्ट आवडली. त्या मुलीला ती ‘आपली पोर’ म्हणायला लागली. वेगळ्या टेबलाची जागा आली तेव्हा मी मुद्दाम सावकाश वाचलं, आवाजसुद्धा जड केला. आयनं एक रातांबा फोडला, बी काढली आणि सुस्कारा सोडला.

“म्हणजे तिकडं पण असंच असतंय,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मीच एक अशी आई.”

तिला बरं वाटलं होतं! माझं डोकं फिरलं. दोन दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. मग तीच म्हणाली, “काय गो, त्या पोरीचं पुढं काय झालं?” मीही घुश्शातच शेवट सांगून टाकला. तो मुलगा त्यांच्यात येतो. त्यांची भाषा शिकतो, त्यांचे कपडे घालतो, वर्षभर त्यांच्या शेतात राबतो. मुलगी सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी मागते. म्हातारे त्याला त्यांच्या धर्माची दीक्षा देतात आणि दोघांचं लग्न लागतं.

आयचे हात थांबले. “घेतलानी त्याला?”

“घेतलं.”

“पंगतीत बसवलानी?”

“हो, सगळ्यांच्या बरोबर.”

तिचे कोपरापर्यंत तांबडे झालेले हात तसेच मांडीवर. मग तिनं मला विचारलं, “मग आपल्यात यायचं तर माणसानं काय करायचं?”

आय वाट बघत राहिली. मी शिकलेली, मला ठाऊक असणार, असं तिला खरोखरच वाटत होतं. “बघ की,” ती म्हणाली, “पुस्तकात लिवलं असंल कायतरी.” मी उगाच पानं चाळली. मला माझी इतकी लाज आजवर कधी वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती हात घासून, धुवट लुगडं नेसून, नारळ घेऊन गावकीच्या म्होरक्याकडे, गावकाराकडे गेली. मला वाटेतच कळलं ती काय करणार आहे. मी मागं मागं गेले, पण अडवलं नाही. ओटीवर चार माणसं बसलेली. आयनं नारळ खाली ठेवला आणि म्हणाली, “जावई वर्षभर तुमच्या सगळ्यांच्या शेतात राबंल. पालखीचं जे काम सांगाल ते करंल. पोरगी पाया पडंल. मग तरी घ्याल काय?”

एकजण हसला. गावकार हसला नाही, तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “वहिनी, राबून कोण आपल्यातला झालाय काय? तुमाला हे कुणी सांगितलान?”

आयनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “असंच, माझ्या मनात आलं,” म्हणाली, आणि नारळ उचलून निघाली.

घरी येऊन तिनं उरलेले रातांबे फोडले. सगळे होईपर्यंत उठली नाही. मग हात धुऊन मला म्हणाली, “कागद घे. ताईला लिही, तिथंच बाळंत हो. इकडं येऊ नको.”

मी तिच्यापुढं बसून तेवढं लिहिलं.