सगळ्या बेटाचे अहो

राहात्याहून निघालो त्या सकाळी जाऊबाईंनी माझ्या पिशवीत ओंजळभर लिंबं कोंबली. "मळमळलं तर चोख, आन् लईच भ्या वाटलं तर एखादं समुद्राला टाक," म्हणाल्या. शेजारच्या दोघीतिघी दारात उभ्या होत्या. आम्ही कुठल्याशा परदेशी सहलीला चाललोय अशी त्यांची समजूत. होडीत राहायला चाललोय असं सांगितलं असतं तर त्यांनी मला आधी दवाखान्यात नेलं असतं, म्हणून मी गप्प बसले. गाडी पेरूच्या बागा मागे टाकत पुण्याच्या रस्त्याला लागली आणि समुद्र दिसायच्या आधीच मी पहिलं लिंबू चोखायला काढलं.

हे सगळं निघालं कुठून ते आधी सांगते. आमचे हे जहाजावर होते, मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत फिटर. लग्न झालं तेव्हापासून वर्षाचा बराचसा भाग पाण्यावर आणि उरलेला राहात्याला. राहात्याला म्हणजे भरल्या घरात. सासू-सासरे, दीर-जाऊ, पोरं, गडी, आला-गेला. दिवसाउजेडी नवरा-बायकोनं शेजारी बसून बोलावं अशी आमच्याकडे रीतच नव्हती. हे बाहेर ओट्यावर माणसांत, मी आत भाकरी थापत. चहा हवा असला की भिंतीला सांगितल्यासारखं, "अगं, ऐकलं का?" आणि मी आतून, "अहो, आले." एवढाच आमचा संसाराचा संवाद. एकमेकांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

निवृत्त झाल्यावर तरी माणूस घरी बसेल असं मला वाटलं होतं. तर यांनी मलेशियातल्या लंकावी बेटावर एका म्हाताऱ्या गोऱ्याची जुनी शिडाची बोट परस्पर घेऊन ठेवली आणि मग मला सांगितलं. मी अबोला धरला. जेवण वाढायची, पण ताट जरा आपटून. शेवटी यांनीच वायदा केला. "एक मोसम माझ्यासंगं ये. परत आल्यावर तुझा शब्द शेवटचा. न्हाई म्हनलीस तर बोट इकून टाकीन आन् परत तिचा विषय काढनार न्हाई." हे शब्दाचे पक्के आहेत, त्यामुळे मी तयार झाले. उत्तर तर माझं ठरलेलंच होतं. एकदा जाऊन यायचं, नाही म्हणायचं आणि माणूस कायमचा घरी आणायचा.

लंकावीच्या धक्क्यावर बोट पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हटलं, "एवढीशी?" आमचा गोठा हिच्यापेक्षा ऐसपैस आहे. आत दोन माणसांना झोपायला जागा, एक मोरी, आणि एक शेगडी. ती शेगडी बोटीबरोबर झुलते, म्हणजे बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. ते मात्र मला मनापासून आवडलं. यांनी मला एकेक वस्तू दाखवली, डोलकाठी, सुकाणू, शिडाचे दोर. पुढच्या टोकाला लोखंडी आकडा होता. "ह्यो नांगर. थांबायचं असलं की टाकायचा." मी म्हटलं, "माझ्या माहेरी, मिरजगावला, नांगर ओढतात, टाकून देत न्हाईत." हे हसले. दुसऱ्याच दिवशी माझा पदर दोराच्या कप्पीत अडकला आणि मी शिडाबरोबर वर निघाले. यांनी दोर सोडला नसता तर गेलेच होते. तेव्हापासून साडी पेटीत गेली आणि सुनेचे जुने दोन सलवार-कमीज अंगावर आले.

खरी पंचाईत झाली ती बोलण्याची. बोट दोघांनीच चालवायची, एक सुकाणूपाशी, एक पुढे दोरापाशी, मध्ये वारा. हे ओरडायचे, "अगं!" आता 'अगं' म्हणजे दोर सोड की ओढ, हे मी कसं ओळखायचं? मी उलट ओरडायची, "अहो!" म्हणजे नक्की काय, ते यांना कळायचं नाही. या अगं-अहोमध्ये एकदा आम्ही दुसऱ्याच्या नव्याकोऱ्या बोटीला घासता घासता वाचलो. हे चिडले. "नाव घेऊन बोलायला काय जातंय तुझं?"

"तुमी घेता का माझं?"

हे सुकाणूकडे वळले.

लंकावीहून सामुद्रधुनी ओलांडून आम्ही सुमात्राच्या बाजूच्या लहान बेटांकडे निघालो. वाटेत एकानं झोपायचं, एकानं जागून पुढे बघायचं. हे त्याला दारं धरणं म्हणायचे, आपल्याकडे उसाला पाणी सोडून रात्रभर वाफ्यावर बसतात तसं. पहिले काही दिवस मी लिंबं चोखत कोपऱ्यात पडून होते. मग एका पहाटे उठून दोघांचा चहा केला आणि यांच्याजवळ जाऊन बसले. आणि हा माणूस बोलायला लागला. इंजिनखोलीतल्या उकाड्याचं, एकदा आग लागली होती त्याचं, आमचा बंड्या झाला ते यांना कितीतरी दिवसांनी कळलं त्याचं. "पोरगा झाला म्हनून मी एकट्यानंच गुळाचा खडा खाल्ला," म्हणाले. इतक्या वर्षांत मला यातलं काही माहीत नव्हतं. मी ऐकत राहिले, चहा गार झाला. या वयात सांगायला लाज वाटते, पण मला हा माणूस आवडायला लागला होता.

दिवस छान जायला लागले. गोडं पाणी जपून वापरायचं मला कुणी शिकवायला नको, माझं माहेर दुष्काळी. भांडी खाऱ्या पाण्यानं, शेवटी एकदाच गोड्या पाण्यानं विसळायची. बाजरीचं पीठ संपलं तसा भात आणि पिठलं सुरू झालं. हे मासे धरायचे, मी आधी नाक मुरडायची, मग मीच हळद-मीठ लावायला लागले. बेटं अशी की पाण्यात वाकून बघावं तर तळाचे खडक आणि रंगीत मासे दिसतात, आणि वर नुसती माडांची दाटी. संध्याकाळी हे गळ टाकून बसायचे आणि मी तांदूळ निवडत बसायची. कुणी हाक मारणारं नाही, कुणाला वाढायचं नाही.

एका चिमुकल्या बेटाशी आम्ही बरेच दिवस नांगर टाकून राहिलो. किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती आणि एक छोटी मशीद. गावचे म्हातारे प्रमुख पाक युसुफ (पाक म्हणजे आपल्याकडचे काका) पहिल्याच दिवशी आपल्या पेराहूतून (मासेमारीची होडी) केलापा (नारळ) घेऊन आले. बरोबर त्यांची बायको, इबू सिती. इबू म्हणजे आई, आणि मोठ्या बाईलाही तेच म्हणतात. तिनं यांच्याकडे बोट करून मला विचारलं, "सुआमी?" म्हणजे नवरा. मी मनात म्हटलं, घ्या, इथं आले तरी स्वामीच. तेवढ्यात हे आत पाय घसरून धडपडले आणि मी ओरडले, "अहो!" झालं. त्या दोघांनी समाधानानं माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी हे किनाऱ्यावर गेले तर सगळी वस्ती हाका मारतेय, "पाक आहो! पाक आहो!" यांनी मला जाब विचारला. मी म्हटलं, "मला काय ठावं? लाडाचं नाव ठेवलं असंल." खुलासा करायचा म्हणजे खरं नाव घ्यावं लागलं असतं.

एक दिवस दुपारी हे बोटीला बांधलेल्या छोट्या रबरी होडीतून पलीकडच्या टोकाला झऱ्याचं पाणी आणायला निघाले. होडीला मागे छोटं इंजिन. मी बोटीच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. टोकापाशी पोचायच्या आत इंजिनाचा आवाज बंद पडला. हे दोरी ओढताहेत, ओढताहेत, ते काही सुरू होईना. आणि तेवढ्यात जमिनीकडून वारा सुटला. यांनी वल्ही घेतली, तर एक वल्हं मोडून हातात आलं. वारा होडीला बाहेर, उघड्या समुद्राकडे न्यायला लागला. मी ओरडले, "अहो!" यांनी हात वर केला. मग पाऊस आला आणि मला काही दिसेना.

बोट घेऊन मागे जावं, तर त्या खडकांतून ती एकटीनं काढणं मला जमणारं नव्हतं. मी स्टीलचं ताट घेतलं आणि उलथन्यानं बडवत सुटले. किनाऱ्यावरून पेराहू आली. पाक युसुफनी विचारलं काय झालं, मी हातानं दाखवलं. बरोबरचे दोघे दुसऱ्या बेटावरचे, त्यांना आम्ही नवीन होतो. त्यातल्या एकानं विचारलं, "नामा?" नाम, नाव. इतकं सरळ होतं. नवरा समुद्रात वाहून चालला होता, आणि माझ्या तोंडून निघालं ते, "अहो." त्यानं मान हलवली आणि किनाऱ्याकडे तोंड करून ते ओरडून सांगितलं. वस्तीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या होड्या निघाल्या.

इबू सिती माझ्यापाशी थांबली. ना तिला माझी भाषा, ना मला तिची. तिनं एक केळं सोलून माझ्या हातात दिलं, मी ते तसंच धरून बसले. पाऊस थांबला तेव्हा पाण्यावरून लांबून हाका ऐकू यायला लागल्या. जाड्या, चिरक्या, म्हाताऱ्या, पोरसवदा, सगळ्या आवाजांत. "आहोऽऽ! आहोऽऽ!" मी आयुष्यभर दाराआडून, हळू आवाजात घातलेली हाक सगळा गाव समुद्रावर घालत होता. मला रडू फुटलं. इबू सितीनं माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

ऊन कलायच्या सुमाराला तीच उठून उभी राहिली. "सुदा दातांग," म्हणाली. आला. पाक युसुफच्या होडीत हे बसले होते, ओठ फुटलेले, अंगावर कुणाचातरी सदरा. रबरी होडी मागे बांधलेली. वर चढायला मी हात दिला आणि चढल्या चढल्या बोलायला लागले, की वल्हं तपासून जायला काय झालं होतं, आणि पाणी काय पळून चाललं होतं. यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "पाऊस उघडला तसं चारी बाजूंनी अहो, अहो. म्हनलं, सगळं गाव माझी बायको झालं का काय."

मी हसले आणि पुन्हा रडले.

"मीबी तुला हाका मारत हुतो," हे म्हणाले. "मंगल, मंगल म्हनून. लई मोठ्यानं."

"मला न्हाई आली ऐकू."

"वारा उलटा हुता."

ते केळं मी यांना खायला दिलं.

त्यानंतर हे गप्प गप्प झाले. लंकावीला परतेपर्यंत सगळं नेटकं केलं, शिडं घडी करून ठेवली, बोट एका दुरुस्तीच्या आवारात उभी केली, पण बोलणं आटलं. मी म्हटलं थकले असतील. मग विमान, पुणे, आणि उन्हाच्या कडाक्यात राहाता. घर माणसांनी भरून गेलं. बाई, झोपत कुठं होता, आंघोळ कशी करत होता, मासे खाल्ले का गं? जाऊबाईंनी लिंबं पुरली का ते विचारलं. हे ओट्यावर माणसांत, मी आत. चहा सून बाहेर नेऊन द्यायची. दोघांत बोलणं असं उरलंच नाही. वायद्याचा शब्द माझा होता, आणि हे तो विचारत नव्हते.

एका दुपारी ओट्यावरची माणसं पांगली होती. मी आणि जाऊबाई उंबऱ्याच्या आत शेवया वाळत घालत होतो, सूनही होती. हे बाहेरच्या बाजेवरून म्हणाले, "अगं, ऐकलं का? बोटीला गिऱ्हाईक आलंय. इकून टाकू."

मी म्हटलं, "शब्द माझा हुता ना?"

"तुझाच हाय. पन मीच सांगतो, नको आता ते." जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी मला बुडायचं भ्या न्हाई वाटलं. तू दिसत राहिली नुसती. परक्या मुलखात, पाण्यावर, एकटी बसलेली. आपल्या मानसाला असं बसवून ठेवायचं म्हंजे पाप हाय."

जाऊबाईंचे हात थांबले. मला वाटलं गप्प बसावं. नाही राहवलं.

"मी सारा जलम तशीच बसले हुते," मी म्हटलं. "ह्याच घरात, एवढ्या मानसांत. तुमी कुठल्या समुद्रावर हाय, जिते हाय का न्हाई, काय कळायचं न्हाई. फोन आला तर आला. त्या दिवशी निदान तुमी कुन्या अंगाला गेलात ते मला डोळ्यांनी दिसलं. आन् हुडकायला जावा म्हनून मला कुनाला तरी सांगता आलं."

सुनेनं हातातल्या शेवया खाली ठेवल्या.

"बोट इकायची न्हाई," मी म्हटलं. "मला तिथं तुमच्याजवळ राहायला मिळतं. हे मी आता एकदाच सांगितलं. परत इचारलं तर न्हाई म्हनीन."

मी पुन्हा शेवया पसरायला लागले. शेवया तुटत होत्या. बाज करकरली. हे उठून उंबऱ्यापाशी आले असावेत, कारण शेवयांवर सावली पडली. मी वर बघितलं नाही.

"इथं बाहेर ये," हे म्हणाले. "बाजंवर बस जरा माझ्यापाशी."

सून बघत होती. जाऊबाईंनी माझ्या हातातलं शेवयांचं ताट काढून घेतलं. मी पदराला हात पुसले, बाहेर गेले आणि यांच्या शेजारी बसले.