वर्ग गप्प बसवायचे आमचे प्रयोग

खडूचे तुकडे कुठे कुठे सापडतात ते प्राथमिक शिक्षकाच्या घरच्यांना विचारा. पर्समध्ये, डब्याच्या पिशवीत, धुवायला टाकलेल्या कुर्त्याच्या खिशात. वर्गातल्या किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण शनिवारी पिशवी झटकली की दोनचार पडतातच!

आमची पिशवी झटकायची जागा म्हणजे सोमाटणे फाट्यावरची चहाची टपरी. शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की आम्ही तिघं तिथे जमतो. संतोष बार्शीकडचा; बेगडेवाडीजवळच्या एका शाळेवर त्याची ही पहिलीच नोकरी. अश्विनी तळेगावची. तिचं दुसरं वर्ष, म्हणून आमच्यात ती सीनियर! आणि मी. घर लोणावळ्यात, पण शाळा झाली डेहराडूनच्या होस्टेलात आणि कॉलेज बंगळुरूला. एका संस्थेतर्फे दोन वर्षं शिकवायला परत आले, ती एकच गोष्ट पक्की ठरवून. मुलांवर आवाज चढवायचा नाही आणि छडी हातात धरायची नाही. या दोन्हींशिवाय वर्ग चालतो यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. कसा चालतो, ते मात्र शिकावं लागतं.

माझी शाळा कुरवंड्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली ते तिसरी माझ्याकडे, चौथी-पाचवी गुरुजींकडे. गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. उंच, कायम पांढरा शर्ट. त्यांची छडी कुणाला लागलेली मी पाहिलेली नाही. ती टेबलावर असते, नाहीतर हातात. तेवढ्यानं त्यांच्या खोलीत इतकी शांतता की तिथलं भिंतीवरचं घड्याळ माझ्या खोलीत ऐकू येतं.

माझ्या खोलीत हिरा ऐकू येते! तिसरीतली, वरच्या वाडीवरची. गणपतीची सुट्टी संपल्यापासून तिनं एक सुरू केलं. धडा रंगात आला की एकदम मान वर करून खच्चून आरोळी ठोकायची. "हाऽऽऽ हुर्र!" मग सगळा वर्ग हुर्र करतो आणि धडा तिथेच संपतो.

गुरुजी एकदा दारात येऊन म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू, मॅडम. नाही जमलं तर ती पोरगी माझ्या खोलीत बसेल."

मला धसका बसला. हिराची थोरली बहीण त्यांच्याच खोलीत बसायची. चकार शब्द न बोलता वर्षभर बसली आणि एक दिवस यायचीच बंद झाली. आता ती शेळ्यांमागे असते.

त्यामुळे शनिवारी चहा यायच्या आधी संतोषचा प्रश्न ठरलेला. "हिरा आहे ना अजून तुझ्याकडे?"

*

माझा पहिला आठवडा. मी म्हणत होते, "मुलांनो, प्लीज खाली बसा. प्लीज." कुणी बसेना. राघू नावाचा दुसरीतला एक मुलगा जवळ येऊन माझं निरीक्षण करत उभा राहिला.

"बाई, तुमी टुरिस्ट हाय का?"

"नाही रे. मी इथलीच आहे."

"मंग प्लीज का म्हनता? प्लीज टुरिस्ट म्हंत्यात."

रविवारी नागफणीच्या कड्याकडे जाणाऱ्या लोकांना वाट दाखवायला राघूचे वडील जातात, त्यांच्या मागे हाही जातो. मी विचारलं, "मग टुरिस्टांना तुम्ही कसं सांगता?"

राघूनं एक हात कमरेवर ठेवला, दुसरा वर केला. "ए चला! येका लायनीत! कडंला कुनी जायाचं न्हाई, खाली दरी हाय!"

सगळा वर्ग एका ओळीत, भिंतीला पाठ लावून बसला!

टपरीवर हे सांगितल्यावर अश्विनी म्हणाली, "मग आता तू काय म्हणतेस?"

"काय म्हणणार? दरी आहे म्हणते!"

*

संतोषनं प्रशिक्षणात एक उपाय ऐकला होता. ओरडायचं नाही. नुसता एक हात वर करून शांत उभं राहायचं. मुलं हळूहळू बघतात, गप्प होतात. जगभर चालतो म्हणे.

सोमवारी त्यानं हात वर केला आणि उभा राहिला. गोंधळ चालूच. त्याचा हात दुखायला लागला, तरी पठ्ठ्या हलला नाही. शेवटी एकेक करून मुलं खरंच गप्प झाली. सगळा वर्ग त्याच्याकडे काळजीनं बघायला लागला. संतोषला वाटलं, जिंकलो!

पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली आणि हळूच म्हणाली, "सर, एकीला जाऊन या ना. आमी बसतो गप."

संतोष म्हणतो, "मी जाऊन आलो. काय करणार? पण परत येईपर्यंत खरंच गप्प बसली होती रे!"

*

अश्विनीचा विश्वास चांदण्यांवर. चमकीच्या कागदाच्या चिकटणाऱ्या चांदण्या. शांत बसलं, दुसऱ्याला मदत केली, की चांदणी. मी तिच्याशी यावर खूप भांडले आहे. चांगलं वागण्याचं असं बक्षीस देऊ नये, मुलं बक्षिसासाठीच वागायला लागतात, वगैरे. ती शांतपणे ऐकून घेते आणि पुन्हा चांदण्यांचं पाकीट विकत आणते.

तिच्या वर्गात एक मुलगा सगळ्यांत जास्त चांदण्या मिळवायचा, पण त्याच्या शर्टावर एकही दिसायची नाही. दोस्तांना वाटतो का? खेळात हरतो का? विचारलं तर नुसता हसायचा.

एकदा शाळेतून परतताना रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. त्यांतल्या एकीच्या कपाळावर चांदण्याच चांदण्या! मागून तोच मुलगा.

"अरे, हे काय?"

"बाई, धार काढताना लय शांत हुबी ऱ्हाती. तुमी तिला बघतच न्हाई ना, मंग मीच देतो."

अश्विनीनं पर्समधून एक चांदणी काढून त्याला दिली. "ही तुझी," म्हणाली. त्यानं ती म्हशीच्या शिंगावर लावली!

*

राघूचे आजोबा, आबा, एकदा वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, तुमी पोरांना मारत न्हाई म्हनं?"

"नाही, आबा."

"मारा की! त्याबिगर पोरगं सुधारतंय व्हय? आमच्या टायमाला मास्तर बडव बडव बडवायचं. म्हनून तर हे दिस बघितलं."

मी त्यांना व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं. मारानं मूल शिकत नाही, लपायला शिकतं, कायदाही आहे, माझं सगळं बंगळुरूचं शिक्षण मी आबांपुढे मांडलं. आबा मान डोलावत होते. मला वाटलं, पटलं.

"समदं खरं. पन तुमी त्याला मारा."

शेवटी मी विचारलं, "आबा, घरी राघूनं खोडी केली तर तुम्ही मारता का?"

आबा ताडकन उठले. "छ्या! येवढ्याशा पोराला? काय पन बोलता, बाई! नातू हाय माझा!"

*

हा पुढचा किस्सा मी टपरीवर बरेच दिवस सांगितला नव्हता.

मुलांनी स्वतः केलेले नियम मुलं पाळतात, असं मी शिकून आले होते. म्हणून एक दिवस गोल करून बसलो. "आपल्या वर्गाचे नियम तुम्हीच सांगा." नियम धडाधड यायला लागले. चावायचं नाही. चप्पल कौलावर टाकायची नाही. कुणाचा बाप पिऊन पडला तर ते वर्गात सांगायचं नाही. या शेवटच्या नियमावर सगळ्यांनी एकदम हात वर केले.

मी भारावले होते. म्हटलं, "आता बाईंसाठीही एक नियम करा."

मग पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाईंनी 'मला वाईट वाटलं' असं म्हनायचं न्हाई."

मी ओरडत नव्हते ना! मुलांनी दंगा केला की खाली बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून, मऊ आवाजात म्हणायचे, "मला खूप वाईट वाटलं." मला वाटायचं, यापेक्षा सौम्य काही असूच शकत नाही.

"मग काय म्हणू?"

"वरडा की, बाई. वरडलं की झालं. तुमाला वाईट वाटलं की आमाला खिचडी जात न्हाई."

अश्विनीनं हे ऐकून चहाचा कप खाली ठेवला. संतोष म्हणाला, "अजून एक सांग." मी म्हटलं, आज नको.

*

दिवाळी अगदी तोंडावर आली आणि हिरा काही थांबेना. मी तिला माझ्याजवळ बसवलं. मॉनिटर केलं. ओरडावंसं वाटलं की खोल श्वास घ्यायचा, हे शिकवलं. ती मनापासून खोल श्वास घ्यायची आणि त्याच श्वासात दुप्पट मोठी आरोळी ठोकायची!

शेवटी एकदा शांतपणे विचारलं, "हिरा, का ओरडतेस गं?"

"आलती ना."

"कोण आलं होतं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. उत्तर शेजारच्या मुलीनं दिलं. "पाखरं, बाई. ती राखनीला असती."

खाचरातल्या भातात दाणा भरला की पाखरांचे थवे उतरतात. शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर हिरा शेतातल्या माचावर उभी राहून त्यांना हाकलते. आमच्या खिडकीबाहेर मुलं खिचडीची ताटं धुतात. तिथली सांडलेली शितं टिपायला चिमण्या येतात, गजांवर बसतात, कधी आतही शिरतात. मला त्या कधी दिसल्याच नव्हत्या. हिराला फळ्याकडे बघतानाही दिसत होत्या.

मी धावत गुरुजींकडे गेले. "गुरुजी, ती दंगा करत नाहीये! ती काम करतेय!"

गुरुजींनी पूर्ण ऐकून घेतलं. "कारण कळलं, चांगलं झालं. आरोळी थांबली का?"

"नाही."

"मग खिडकी लावून घ्या."

खिडकी लावली. खोलीत अंधार झाला आणि मुलं उजेडासाठी दाराकडे सरकली. दुसऱ्या दिवशी मी ती उघडली. पहिल्याच तासाला आरोळी.

गुरुजी आले. छडी हातात. "आजचा तास मी घेतो. तुम्ही मागे बसा." त्यांनी स्वतः खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली आणि तिथेच उभं राहून पाढे म्हणून घेतले. चूक झाली की नुसतं बघायचे. हिरा हात मांडीवर ठेवून बसली होती. एक पाढा झाला, दुसरा झाला. शेजारच्या खोलीतलं घड्याळ मला ऐकू यायला लागलं. मला हिराची बहीण आठवत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, ओरड गं, एकदा तरी ओरड!

तास संपला. हिरा ओरडली नाही.

"पाहिलंत?" गुरुजी म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, समजूत होती. "उद्यापासून तिला तिकडे पाठवा." मग तिच्याकडे वळून मायेनंच म्हणाले, "काय हिरे, आज नाही ओरडलीस?"

"पाखरं कुटं आली, गुरुजी?"

"का? खिडकी तर उघडी होती."

"व्हय. पन तुमी हुबं व्हता ना तितं. तुमी असल्यावर न्हाई येत."

गुरुजींनी वळून खिडकीकडे बघितलं. "आणि बाई असल्यावर?"

"बाई असल्यावर लय येत्यात!"

गुरुजी खिडकीपासून बाजूला झाले. छडी काखेत धरून दारापर्यंत गेले आणि मागे न बघता म्हणाले, "मॅडम, राहू दे तिला इथंच. आणि खिडकी उघडी ठेवत जा."