चक्कीवाल्याचा बल्ब

"कूलर बंद करा ना बाप्पा! एकाचा अजून चालूच हाय!"

अड्याळचा चक्कीवाला असा ओरडला, की पार लांबच्या सिहोरा गावची कुत्री दचकली असतील. लाइन होती, पण व्होल्टेज नावालाच. गल्लीतले कूलर थांबले तरच त्याची चक्की फिरायची. संध्याकाळी लग्नाची पंगत आणि गहू अजून पोत्यातच!

भुवयांपर्यंत पिठानं माखलेला तो गडी नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा चक्कीवरच्या मिणमिणत्या बल्बकडे बघायचा आणि मान हलवायचा. सगळी गल्ली बाहेर येऊन पदरानं, टॉवेलनं वारा घेत होती. सासरवाडीत कूलरपुढे लोळणारा मीही साळसूदपणे त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. तो थेट माझ्याकडे आला.

"जावईबापू, तुमचा कूलर."

"माझाच कशावरून?"

"तुमालेच घाम नाही."