उघडी कुलपं

बाळंत झालेल्या नातीला काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. तिच्या खोलीत ओव्याची धुरी दिली आणि त्या वासासरशी मी लालबागच्या चाळीत पोचले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. हे मोर्चाला गेलेले, मागोमाग संचारबंदी लागलेली, आणि मला सकाळपासून कळा येत होत्या. बाळ अडलं तसे सकाळीच आलेल्या सुईणीने माझे केस सोडले, ट्रंकांची कुलपं काढली, डब्यांची झाकणंसुद्धा उघडली. असं केलं की बाई मोकळी होते म्हणे.

"मला इस्पितळात न्या," मी म्हटलं.

"झिल येवंदे, तो सांगात तसा करू," सासूबाई मुलाची वाट बघत म्हणाल्या.

हे दिवेलागणीला आले. पोटातलं बाळ दुपारीच हलायचं थांबलं होतं.

घरातलं एकूण एक झाकण उघडं होतं. दाराची कडी तेवढी दिवसभर कुणी काढली नव्हती.