दिलावरचा देवदार आणि अळंबी

सावेडीच्या मुलींच्या शाळेतला माळी दिलावर तसा फटकळ माणूस. फूल तोडणाऱ्या पोरीलाच काय, तिच्या बापालाही सुनवायचा. पण आवारातल्या विलायती देवदारापुढे त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. कुण्या गोऱ्या साहेबानं लावलेलं ते झाड अख्ख्या जिल्ह्यात एकच. ना जोडीला दुसरं, ना कधी बी धरलेलं. बहात्तरच्या दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा या बाबानं स्वतःच्या अंघोळीचं पाणी वाचवून त्याला जगवलं. कलमाला बांधतात तसं बुंध्याभोवती ओलं तरट गुंडाळलं आणि ते घसरू नये म्हणून चार-चार इंची खिळे ठोकले.

त्र्याहत्तरचा पावसाळा सरता सरता त्याच बुंध्यावर भाकरीएवढ्या अळंब्या फुटल्या. दिलावरनं खरवडल्या, पंधरवड्यात परत आल्या. त्याचं डोकंच फिरलं. झाडाला उभं राहायला ऐंशी वर्षं लागली, आणि या फुकट्यांना ना माती लागते ना ऊन. ओलं लाकूड दिसलं की बसल्या पंगतीला.

मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "दिलावरभाई, झाड वर्गावर तर नाही ना पडणार? तुम्ही सांगाल ते खरं."

झाडाला लागून असलेल्या खोलीतच पाचवीचा वर्ग भरला होता. आतून पाढे ऐकू येत होते आणि बाहेर वारं सुटलं होतं. दिलावरनं कोयता उलटा धरून बुंध्यावर ठोकायला सुरुवात केली. डोक्याइतक्या उंचीवर खणखणीत. छातीशी खणखणीत. त्याला जरा हायसं वाटलं. मग कमरेखाली, तरट होतं तिथं, नुसतं भद् वाजलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. अळंब्यांची रांग खिळ्यांच्याच रांगेनं चालली होती. भक्कम आहे म्हणाला असता तर झाड राहिलं असतं. बाईंनी त्याचा शब्द मोडला नसता.

"पोरी भायेर काढा, बाई," तो म्हणाला. "आत्ताच. आतून पोकळ हाय."

वर्ग रिकामा झाला. पोरी मैदानात बसल्यावर बाई त्याच्याकडे आल्या. "तुम्ही होतात म्हणून कळलं. तुमचे उपकार कसे फेडायचे?"

यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं, असं दिलावरला वाटलं.

"उपकार कसले, बाई? अळंबी आपल्या पायानं न्हाई आली. म्या खिळे मारून तिला वाट करून दिली. लई जपाया गेलो, अन म्याच मारलं त्याला."

आता तरी बाई रागावतील म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. बाई रागावल्या नाहीत.