कमरेइतका ओटा

इम्रानचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. "काका, फूफी गेली. झोपेतच..." इम्रान हा नसीमआपांचा भाचा; फूफी म्हणजे आत्या. समोर रस्त्यावर सकाळची शहर बस उभी होती. विजेवरची, त्यामुळे ती कधी आली ते कळलंही नव्हतं. तिच्यातून बाया उतरत होत्या, कुणी पदर सावरत, कुणी पोराला ओढत... अकोल्याच्या आमच्या कापड बाजारात बस येते, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. ती आपांनी आणली. हे मला आज नीट लिहायचं आहे. कारण त्या गेल्यापासून बाजारात याची एक भलतीच गोष्ट तयार होऊन राहिली आहे आणि तिच्यात माझं नाव आहे.

नसीमआपा इथल्याच कॉलेजात भूगोल शिकवायच्या. माझ्या मोठ्या बहिणीच्या त्या वर्गमैत्रीण, म्हणून आमच्या घरी सगळ्यांच्याच आपा. राहायच्या बाळापूरला आणि नोकरीभर त्यांनी एसटीनं ये-जा केली. निवृत्त झाल्या तरी त्या बसमधल्या बायकांना भेटायला म्हणून अकोल्याला येत राहिल्या. मी एकदा म्हटलं, "आपा, एक स्कूटी घेऊन टाका आता." तर म्हणाल्या, "गाडीवर तोंड बंद ठेवा लागते रे, धूळ जाते. मले बोलल्याशिवाय जमते का?" त्यांचं खरं होतं. स्टँडपासून बाजारापर्यंत येताना त्या चार जणींशी बोलून, दोघींचं भांडण मिटवून यायच्या आणि दुकानात टेकल्या की पाणी पिण्याआधी आमच्या रस्त्याला शिव्या द्यायच्या. शिव्या अर्थात त्यांच्या मापाच्या. "हा रस्ता आहे का गोठा?" ही त्यातली सगळ्यात जहाल.

रस्ता होताच तसा. लगनसराईत तर पायी माणसाला आडवं होऊन चालावं लागे. आपांनी सगळ्या दुकानदारांपुढे एक विचार मांडला... दुकानांसमोरच्या गाड्या बाजाराबाहेर लावायच्या, मधून फक्त छोटी बस सोडायची, बाकी रस्ता चालणाऱ्यांचा. आम्हाला ते परवडणारं वाटेना. आमचा धंदा बस्त्यावर चालतो. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी एकत्र येतात, नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं कापड एकाच दुकानात, एकाच बैठकीत घेतात, तो बस्ता. एक बस्ता सुटला की सगळं गणगोत सुटलं. तिकडे अमरावतीजवळ, नांदगाव पेठच्या बाजूला मोठमोठी दुकानं, समोर हवी तेवढी जागा. आपल्या दारात जीप लागली नाही तर तेल्हाऱ्याची पार्टी सरळ तिकडे जाईल, हे आम्ही एकमेकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की ते आम्हाला आपसूक खरं वाटू लागलं.

आपांनी वाद घातला नाही. पूर्ण हंगाम त्या दुपारी माझ्या गादीच्या कोपऱ्यावर येऊन बसल्या. बस्त्याला आलेल्या बायांना पाणी द्यायचं, शालूच्या रंगावर मत द्यायचं आणि हळूच विचारायचं, "कश्यानं आल्या वो माय?" बहुतेक जणी एसटीनं आल्या होत्या, पुढे ऑटो, नाही तर पायी. जीप असायची ती एखाद्याच पार्टीची. हंगाम संपता संपता आपा मला म्हणाल्या, "सुभाष, तुमाले दारातली जीप दिसते. पायानं आली ती बाई दिसत नाई. कावून? तर ती जागा नाई खात." मी तेव्हा व्यापारी मंडळाचा सचिव होतो. मी म्हणालो, आपा, हे माझ्याच दुकानातलं आहे, सभेत मीच उठून सांगतो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

सभा झाली. आपांनी आपलं म्हणणं मांडलं आणि आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे मोठे शेठ म्हणतात, ते हसत म्हणाले, "म्याडम, बस्त्याच्या गठ्ठ्याले आम्ही हळदकुंकू लावतो. तो घरी देवापुढं ठेवेपर्यंत भुईला टेकवत नाईत. तुमच्या स्टॉपवर बाया तो काय डोक्यावर घेऊन उभ्या राहतीन?" सभागृह हसलं. आपांनी माझ्याकडे पाहिलं. शेठनीही विचारलं, "बोला सुभाषभाऊ, तुमचं काय?" मी म्हणालो, "मंडळी म्हणतील तसं." तेवढेच तीन शब्द. त्या तीन शब्दांनी आपांचा विचार कितीतरी हंगाम मागे पडला. आपांचे गुडघे तेव्हा चांगले होते... पुढे रस्ता मोकळा झाला, तेव्हा त्यांना त्यावरून काठी घेऊन चालावं लागलं. आपांना दिलेला शब्द मी असा फिरवला, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आपांचीही कधी माफी मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात त्या नेहमीसारख्या दुकानात आल्या. मला तोंड वर करवत नव्हतं. मी काहीतरी पुटपुटायला लागलो तर म्हणाल्या, "ते राहू दे. शेठ बरोबर बोलले रे. गठ्ठा खाली टेकवत नाईत, हे मी इसरलीच होती. मले सांग, बाई गठ्ठा कमरेवर घेते तवा तो कितीक उंच असते?" ज्या बोलण्यावर लोक त्यांना हसले होते, त्यातूनच त्यांनी काम काढलं होतं. माझ्या दुकानात येणाऱ्या बायांना गठ्ठा कमरेवर घ्यायला लावून आपांनी स्वतः ओढणीनं माप घेतलं. उंच बाई, बुटकी बाई, म्हातारी, सगळ्यांचं. त्यातून ठरला स्टॉपवरचा ओटा... बसायचा नाही, गठ्ठा ठेवायचा. कमरेइतका, म्हणजे वाकायचं नाही, टेकवायचं नाही, आणि बस आली की गठ्ठा सरळ कडेवर.

मग सभा नाही, काही नाही. आपा एकेका दुकानात जाऊ लागल्या. म्हणायच्या, "सभेत माणूस दुसऱ्या दुकानदाराच्या तोंडाकडे पाहून बोलते. दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून बोलते." मी सोबत असायचो, पण दोन पावलं मागे. बोलायच्या त्याच. कुणी चहा द्यायचं, कुणी "आज टाइम नाई" म्हणायचं, तर त्या तिथेच बसून गिऱ्हाइकाला परकर निवडून द्यायच्या. असे कितीतरी हंगाम गेले, तेव्हा अखेर एका लगनसराईपुरतं करून पाहायचं ठरलं. गाड्या बाहेर गेल्या, बस आत आली, ओटा बांधला गेला. पहिल्याच दिवशी बाया त्यावर गठ्ठे ठेवून, ओट्याला पाठ टेकून, निवांत गप्पा मारत उभ्या होत्या. बस्ते कुठेही गेले नाहीत. उलट, पोरं हाताशी धरून फिरता येतं म्हणून बाया चार दुकानं जास्त फिरू लागल्या. त्या हंगामानंतर गाड्या परत आत आणायचं कुणी नाव काढलं नाही. मोठ्या शेठनी आपल्या हातानं ओट्याला कुंकू लावलं आणि म्हणाले, "म्याडम, आमी हारलो." आपा म्हणाल्या, "हारले कुठं? ओटा तं तुमचाच हाय." पुढे अमरावतीहून माणसं आमच्या ओट्याचं माप घ्यायला आली. ते पाहून माझी छाती अशी फुगली की जणू मीच बांधला होता.

तसंच सगळ्यांना वाटतं, हीच तर अडचण आहे. आपांच्या शोकसभेत, त्याच सभागृहात, एकेक जण उठून म्हणाला, आपा आणि सुभाषभाऊ, ही बैलजोडी होती म्हणून बाजार सुधारला. ओट्यावर दोघांच्या नावाची फरशी बसवायची असं ठरलंही. आता उठावं, बोलावं, असं फार वाटलं... आणि मी पुन्हा बसून राहिलो. म्हणून हे लिहिलं. मंडळींनो, जे सभेत बोलता आलं नाही ते इथे वाचा. ज्या दिवशी आपांना माझी गरज होती, त्या दिवशी मी त्यांच्या बाजूनं बोललो नाही. फरशी जरूर बसवा, पण तिच्यावर एकच नाव कोरा. गवंड्याला मी सांगितलं आहे, तुम्हीही सांगा.

आपांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी दुकान पोरावर सोडून बसनं निघालो. आजवर बाळापूरला कारनंच जात आलो होतो. ओट्यापाशी तेल्हाऱ्याकडची एक म्हातारी आली, काखेत नात, दुसऱ्या हातात गठ्ठा, कुंकू ओलं होतं अजून. "हात लावा जी भाऊ," म्हणाली. मी गठ्ठा घेतला आणि खांदाच खाली गेला. जन्मभर बस्ते बांधून दिले, पण उंबऱ्यापर्यंतच. पुढे तो नेणाऱ्याचा. इतका जड असतो, हे ठाऊक नव्हतं. हात सुटून तो भुईकडे जाऊ लागला तशी म्हातारी ओरडली,

"खाली नको टेकवू बाप्पा. वर ठेव. त्याच्यासाठीच त हाय तो ओटा."